फ्रिजवरची कात्रणं

पत्र : ताई, मी धायरीला राहते, वय 34. घरात नवरा, सात वर्षांची मुलगी आणि सासरे. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, वय 72, पिंपरीच्या एका कंपनीत क्वालिटीला 30 वर्षं काढली, शुगर आहे 11 वर्षांपासून. सकाळी पेपर आला की कात्री घेऊन बसतात, आरोग्याची बातमी दिसली की कापून फ्रिजवर मॅग्नेटने लावतात. 'डार्क चॉकलेटने स्मरणशक्ती सुधारते' लागलं तेव्हापासून रात्री जेवणावर चॉकलेट. 'बदामाने शुगर आटोक्यात' लागलं तेव्हापासून रोज दोन मुठी बदाम, वर नाश्ता आहेच. नातीला 'एकाग्रता वाढवणारी' दुधातली पावडर आणली, का तर बातमीत संशोधन म्हटलंय. आणि आता म्हणतात बदामाने काम होतंय तर संध्याकाळची गोळी अर्धी करून बघू. मी चिडून एक कात्रण काढून टाकलं तर दोन दिवस बोलले नाहीत, मग म्हणाले, "तू काय शास्त्रज्ञांपेक्षा शहाणी का?" नवरा म्हणतो जाऊ दे. पेपरवाले खोटं छापतात का? आणि अण्णांना सांगू कसं?
– कात्रणांना कंटाळलेली

अगं कंटाळलेली, तुला तू म्हणते, माझ्या लेकीच्या वयाची आहेस.

आधी गोळीचं बोलू, बाकी सगळं नंतर. गोळी अर्धी करायची नाही. कात्रण वाचून तर नाहीच नाही. अण्णांना वाटतंय ना की गोळी जास्त होतेय, मग डॉक्टरांकडे जाऊ देत, बदाम खातोय, चॉकलेट खातोय हे सगळं तिथे सांगू देत, रिपोर्ट बघून डॉक्टर काय ते ठरवतील. यावर तू भांडलीस तरी माझी हरकत नाही, आणि नवऱ्यालाही इथे 'जाऊ दे' म्हणायची सोय नाही, त्यालाच सांग या शनिवारी अण्णांना घेऊन जा म्हणून. बाकीच्या कात्रणांवरून मात्र भांडू नकोस.

आता तुझा प्रश्न, पेपरवाले खोटं छापतात का. मी 19 वर्षं पेपरच्या डेस्कवर काढलीत, त्यातली सहा आरोग्याच्या पुरवणीवर, त्यामुळे जरा अधिकाराने सांगते, सरळ सरळ खोटं फार कमी छापलं जातं. होतं काय, पुरवणीचं पान संध्याकाळी सातला सोडायचं असतं आणि साडेपाचला कळतं की एक जाहिरात गळली किंवा कुणा डॉक्टरांचा लेख आलाच नाही, की पानाला दोन कॉलमचं भोक. आणि नेमकी तेव्हाच मेलवर कुठल्यातरी पीआर एजन्सीची प्रेस नोट पडलेली असते, मराठीत टाइप केलेली, सोबत हसऱ्या बाईचा फोटो, मथळासुद्धा तयार. साध्या संस्थांच्या पत्रकार परिषदा नव्या पेठेत पत्रकार भवनात व्हायच्या, चहा नि बिस्किटं, या असल्या कंपन्यांच्या मात्र हॉटेलात, वर बुफे, आणि निघताना हातात पिशवी, पिशवीत कंपनीचाच माल. ती पिशवी घरी नेली म्हणून कुणी विकलं जात नाही गं, पण दुसऱ्या दिवशी त्या कंपनीच्या माणसाला फोन करून 'पैसे कुणी दिले हो या अभ्यासाला' असं विचारायला जीभ रेटत नाही.

आणि एक गोष्ट बाहेरच्या लोकांना माहीत नसते. बातमी जागेत बसत नसली की ती खालून कापतात. महत्त्वाचं वर, बिनमहत्त्वाचं खाली, म्हणून शेवटच्या ओळी उडवायच्या, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. आता तूच सांग, 'या संशोधनाला अमुक कंपनीचं अर्थसाह्य होतं' ही ओळ कुठे असते? सगळ्यात शेवटी. म्हणजे अण्णांची कात्री लागायच्या आधी आमची कात्री लागलेली असते, आणि तीही नेमकी त्याच ओळीला.

मी स्वतः उडवलीय ती ओळ. नाश्त्याच्या एका पदार्थाची बातमी होती, कुठली कंपनी ते जाऊ दे. सहा ओळी जास्त होत होत्या, कापल्या, पान वेळेत गेलं, मला काही वाटलंसुद्धा नाही. पुढच्या आठवड्यात आईकडे गेले तर तिने सकाळची नाचणीची आंबील बंद करून तेच महागडं पाकीट आणलेलं. म्हटलं हे कशाला, तर म्हणाली, "अगं तुझ्याच पानावर आलंय ना?" त्या दिवशी काय वाटलं ते लिहीत नाही.

चॉकलेटची बातमी मी ओळखते, दर दोन-चार वर्षांनी नवे कपडे घालून येते. तिचं मूळ बहुतेक 2014 चं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या लोकांनी 50 ते 69 वयाच्या 37 जणांना तीन महिने कोकोपासून बनवलेलं एक खास पेय दिलं, काहींच्या पेयात दिवसाला 900 मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल्स, म्हणजे कोकोतली नैसर्गिक द्रव्यं, बाकीच्यांच्या फक्त 10. जास्तवाल्यांची स्मरणशक्तीच्या एका विशिष्ट चाचणीतली कामगिरी सुधारली. पेय तयार केलं होतं मार्स कंपनीने, पैशाचा काही भागही तिचाच, हीच ती चॉकलेटवाली मार्स. बरं, विद्यापीठाने स्वतःच्या निवेदनात लिहिलं होतं की हे पेय म्हणजे चॉकलेट नव्हे, हे वाचून चॉकलेट वाढवू नका, कारण कोकोचं चॉकलेट होईपर्यंत ही द्रव्यं बरीचशी निघूनच जातात. एवढं लिहूनही जगभर मथळे काय लागले, तर चॉकलेट खा आणि स्मरणशक्ती वाढवा. 37 माणसं, एक पेय, एक चाचणी, आणि धायरीत रात्री दहा वाजता अण्णांच्या हातात साखर घातलेली वडी. पुढे त्याच मार्सच्या पैशावर फार मोठा अभ्यासही झाला, 21,000 पेक्षा जास्त लोक, 2022 मध्ये निकाल आला, तिथे कोको अर्काच्या कॅप्सूल दिल्या होत्या, चॉकलेट नाहीच. मुख्य प्रश्न होता हृदयविकाराच्या एकूण घटना कमी होतात का, त्यात ठाम म्हणावा असा फरक निघाला नाही. हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचा आकडा मात्र, जो दुय्यम प्रश्न होता, तो कमी दिसला. मथळा कोणत्या आकड्यावर लागतो हे मी तुला सांगायला नको.

याच्यावर एक भारी किस्सा आहे, अण्णांना नक्की सांग, आवडेल त्यांना. 2015 मध्ये जॉन बोहॅनन नावाच्या अमेरिकन पत्रकाराने मुद्दाम एक फालतू अभ्यास करून दाखवला. जर्मनीत पंधरा माणसं घेतली, तीन आठवडे डाएट, एका गटाला रोज थोडं डार्क चॉकलेट, आणि मोजलं काय काय तर वजन, कोलेस्टेरॉल, सोडियम, झोप असं करत करत 18 गोष्टी. अठरा गोष्टी मोजल्यावर एखादीत तरी फरक दिसणारच ना, तुळशीबागेत अठरा दुकानं फिरलीस तर एका ठिकाणी भाव कमी निघतोच, म्हणून काय ते दुकान स्वस्त झालं? तसं यात वजनात काहीतरी दिसलं, पैसे भरून छापून देणाऱ्या एका नियतकालिकात निबंध छापला, चकचकीत प्रेस नोट काढली, आणि 'चॉकलेटने वजन लवकर उतरतं' ही बातमी कितीतरी देशांत लागली, जर्मनीच्या बिल्ड या दैनिकानेसुद्धा छापली. मग त्याने स्वतःच उघड केलं की बाबांनो, फसवलं तुम्हाला. माणसं किती होती एवढं जरी कुणी धड विचारलं असतं तरी तिथेच संपलं असतं सगळं.

बदामाचं प्रकरण असं फसवं नाही, त्यात दम आहे, म्हणून तिथे जास्त जपून बोलायला लागेल. 2021 मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे, आपल्या मुंबईतला, 16 ते 25 वयाची 275 मुलंमुली, सगळी मधुमेहाच्या उंबरठ्यावरची. एका गटाला 90 दिवस रोज 56 ग्रॅम बदाम, दुसऱ्याला तेवढ्याच कॅलरींचा तिखटमिठाचा खाऊ. बदामवाल्यांचं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कमी झालं. पैसा होता आल्मंड बोर्ड ऑफ कॅलिफोर्नियाचा, म्हणजे तिकडच्या बदाम पिकवणाऱ्यांच्या संस्थेचा, आणि ते निबंधात लिहिलेलं आहे, लपवाछपवी काही नाही. अभ्यास खोटा नाही आणि बदाम वाईट तर अजिबातच नाहीत. पण आता अण्णांकडे बघ. ती मुलं विशीच्या आगेमागेची, अण्णा 72. त्यांना मधुमेह झालेला नव्हता, अण्णांना 11 वर्षं आहे, वर गोळ्या चालू. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तिथे बदाम एका खाऊच्या तुलनेत होते, कॅलरी सारख्याच धरलेल्या. अण्णा बदाम कशाच्या जागी खातायत? कशाच्याच नाही, पोहे झाल्यावर वर खातायत. घरात वजनकाटा असला तर एकदा मोजून बघ, 56 ग्रॅम म्हणजे साधारण 45 बदाम होतात, सव्वातीनशेच्या आसपास कॅलरी, म्हणजे चांगल्या तीन पोळ्या झाल्या. ताटात गुपचूप तीन पोळ्या वाढवल्या आणि वर म्हणायचं शुगर आटोक्यात.

'कशाच्या जागी' आणि 'कशाच्या तुलनेत', हे दोन प्रश्न विचारलेस ना की निम्मी कात्रणं गळून पडतात बघ. कारण कंपनी सहसा शास्त्रज्ञाला खोटं उत्तर लिहायला सांगत नाही, तेवढं करायची गरजच नसते, ती सोयीचा प्रश्न निवडते. बदाम विरुद्ध फरसाण असा अभ्यास होईल, बदाम विरुद्ध भाजलेले शेंगदाणे असा अभ्यास करायला बदामवाला कशाला पैसे देईल? आणि शेंगदाण्याच्या बाजूने प्रेस नोट कोण काढणार, मार्केट यार्डातला आडत्या?

मॅरियन नेसल म्हणून न्यूयॉर्क विद्यापीठातल्या निवृत्त प्राध्यापक आहेत, नेस्ले कंपनीशी त्यांचा काही संबंध नाही, नावाचा योगायोग. त्यांनी 2015 पासून वर्षभर, कंपन्यांच्या पैशावर झालेले अभ्यास दिसतील तसे गोळा केले. 168 झाले. त्यातले 156 पैसे देणाऱ्याला सोयीचे, उलटे फक्त 12. आणि हे आजचं नाही. 1967 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांचा एक आढावा मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आला, हृदयविकाराचं खापर चरबीवर फोडणारा, साखरेला सोडून देणारा. त्यासाठी अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने 6,500 डॉलर दिले होते हे कागदपत्रांतून बाहेर यायला 2016 उजाडलं. जवळपास पन्नास वर्षं! तेव्हा तर छापलेल्या निबंधातही पैसा कुणाचा ते नव्हतं, निदान आता ती ओळ असते, वाचणारा पाहिजे.

सगळं पाप आम्हा पत्रकारांचं असंही समजू नकोस हं. ब्रिटनमधल्या 20 विद्यापीठांच्या 462 प्रेस नोटा काही संशोधकांनी मूळ निबंधांशी ताडून बघितल्या होत्या, 2014 ची गोष्ट, तर 40 टक्के नोटांमध्ये निबंधापेक्षा वाढीव सल्ला विद्यापीठांनीच घातलेला. आम्ही तो जसाच्या तसा उतरवला, एवढंच. एवढंच म्हणजे कमी नाहीये ते, माहितीय.

नातीची पावडर. तुझ्या पत्रात नाव नाही, बरंच केलंस. यात एक जुनं प्रकरण सांगण्यासारखं आहे. केलॉगने अमेरिकेत फ्रॉस्टेड मिनी-व्हीट्स नावाच्या नाश्त्याची जाहिरात केली की मुलांचं लक्ष जवळजवळ 20 टक्क्यांनी वाढतं, क्लिनिकल अभ्यासात सिद्ध वगैरे. 2009 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने पकडलं. तुलना कुणाशी केलेली? ज्या पोरांना सकाळी फक्त पाणी दिलं होतं त्यांच्याशी! उपाशी पोराच्या पोटात गरम उपमा गेला तरी ते जागं होईलच की. आणि त्यातही 20 टक्के किंवा त्याहून जास्त सुधारलेली मुलं साधारण नवात एक. आपल्याकडे 'हेल्थ ड्रिंक' ही काय भानगड आहे तेही बघ, अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही, म्हणून एप्रिल 2024 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलं की असली माल्टची, दुधात घालायची पेयं त्या नावाखाली दाखवू नका. त्याच महिन्यात हॉर्लिक्सवाल्यांनीही आपल्या मालाला हेल्थ ड्रिंक म्हणणं सोडलं.

तू एवढंच कर, डबा उलटा धर आणि साखर किती ते वाच. 100 ग्रॅमला किती लिहिलंय ते बघायचं, 'एका सर्व्हिंगला' बघायचं नाही, कारण सर्व्हिंगचा चमचा त्यांचा आणि आपल्या घरातला डाव वेगळा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर मोठ्या माणसाने जमल्यास दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवावी, सात वर्षांच्या मुलीला त्याहून कमीच. साधं दूध पीत असेल तर देत राहा. आणि पत्रात लिहिलं नाहीस म्हणून विचारते, शाळेची बस किती वाजता येते, पोरगी काही खाऊन जाते का? एकाग्रतेचं उत्तर कधी कधी तिथेच सापडतं.

एक आपल्याकडचं सांगते, कारण पुण्याचं आहे आणि याचं कात्रण मी कुणाच्या फ्रिजवर पाहिलेलं नाही. केईएम हॉस्पिटलच्या संशोधकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास केला, गरोदरपणी त्या काय खातात ते नोंदवलं. ज्या बायका हिरव्या पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खायच्या, दूध जास्त घ्यायच्या, त्यांची बाळं जन्मताना मोठी होती. हा नुसता निरीक्षणाचा अभ्यास, भाजीनेच झालं असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही, ज्या घरात भाजी जास्त त्या घरात आणखीही काही बरं असू शकतं. तरी गंमत बघ, मेथीच्या जुडीची पत्रकार परिषद कोण घेणार? मंडईतली मावशी बुफे लावणार आहे का?

आता अण्णा. पत्रात सासूबाईंचा उल्लेख नाही, म्हणजे असं धरून चालते की अण्णा एकटे आहेत. 30 वर्षं ज्याने माल तपासला त्या माणसाला आता घरात तपासायला काही नाही, म्हणून तो सकाळी कात्री घेऊन बसतो आणि सगळ्यांसाठी, नातीसाठीसुद्धा, काहीतरी शोधून काढतो. त्यातलं एक तू न विचारता काढून टाकलंस. राग येणारच. तेव्हा ते कात्रण कचऱ्यात गेलं नसेल तर परत लाव, आणि चुकलं म्हण, काही कमीपणा नाही त्यात.

मग एखाद्या दिवशी चहाच्या वेळी सहज विचार, "अण्णा, सप्लायरने मालाबरोबर टीसी पाठवला की तुम्ही माल सरळ लाइनवर सोडायचात का हो?" टीसी म्हणजे माल ठीक असल्याचा सप्लायरनेच दिलेला दाखला. बघ काय होतं ते. माझा मामा भोसरीला इनवर्ड इन्स्पेक्शनला, म्हणजे आलेला माल तपासायला होता म्हणून सांगते, या प्रश्नावर ही माणसं अर्धा तास थांबत नाहीत, कुठला लॉट कसा रिजेक्ट केला, साहेबाचा फोन आला तरी कसा सोडला नाही, टीसीवर एक आकडा आणि स्वतः व्हर्नियरने मोजल्यावर दुसराच कसा आला, सगळं निघेल. निघू दे. मध्ये बोलू नकोस. संपलं की बदामाचं कात्रण त्यांच्या हातात दे आणि म्हण, हा पण सप्लायरचा टीसीच आहे, तुम्ही तपासा. लाल पेन दे. त्यावर त्यांनीच लिहायचं की माणसं किती होती, कुठल्या वयाची, तुलना कशाशी केली आणि पैसा कुणी दिला. बातमीत नसेल, बहुतेक नसेलच, तर तू मोबाइलवर मूळ निबंध काढून दे, जवळपास प्रत्येकाच्या शेवटी फंडिंग (पैसा कुणाचा) आणि कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट (कुणाशी हितसंबंध) अशा दोन ओळी असतात, इंग्रजीत असतात पण क्वालिटीवाल्या माणसाला तेवढं इंग्रजी येतं. ज्यात काहीच सापडत नाही त्यावर 'होल्ड' लिहायला सांग, त्यांचाच शब्द आहे तो. शास्त्रज्ञांपेक्षा शहाणं कोण हा वादच मग उरत नाही, कारण तपासणारे तेच.

एखादी जाहिरात फारच डोक्यात गेली तर ग्राहक हेल्पलाइन आहे, 1915 नंबर, अण्णांनाच फोन करू दे, वेळ आहे त्यांच्याकडे.

बदाम बंद करायला लावू नकोस. दोन मुठींचे आठ-दहा होऊ देत, आणि ते संध्याकाळच्या फरसाणाच्या जागी, पोह्यांच्या वर नाही. चॉकलेटचं मात्र डॉक्टरांच्या तोंडून ऐकू देत, सुनेच्या तोंडून ऐकण्यापेक्षा बरं. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांचा हिशोब दाखवतं, तर आत्ता एक करून घ्या आणि तीन महिन्यांनी दुसरं. दोन्ही रिपोर्ट अण्णांनाच फ्रिजवर लावू दे, बदामाच्या कात्रणाच्या शेजारी, मॅग्नेट कमी पडले तर तुळशीबागेत मिळतात.